पाण्याचाही रोजमेळ हवा
भोर-वेल्ह्याच्या निमित्ताने जलशुद्धीकरण केंद्राच्या हिशेबाची ओळख

दुकान लहान असो वा मोठे, संध्याकाळी गल्ला मोजल्याशिवाय कुलूप लावणारा व्यापारी आम्ही तरी पाहिलेला नाही. आवक किती, विक्री किती, उधारी किती आणि घट किती, हे चार आकडे ज्याच्या वहीत नाहीत त्याचा धंदा फार दिवस चालत नाही. मात्र हाच व्यापारी आपल्या घरी आणि दुकानी रोज येणाऱ्या एका मालाचा हिशेब कधीच विचारत नाही. तो माल म्हणजे नळाचे पाणी. चहाच्या गाडीपासून बेकरीपर्यंत, खाटकाच्या दुकानापासून रंगाऱ्याच्या भट्टीपर्यंत असा एकही धंदा नाही, जो पाण्याशिवाय एक दिवस चालेल. म्हणून पाणी गाळले कसे जाते, मोजले कसे जाते आणि त्याचा हिशेब आपण कसा मागावा, याचा विचार या लेखात आम्ही करणार आहोत.

धरण उशाला, कोरड घशाला

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके पाण्याचे माहेरघर. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. बोलण्यात मात्र वेल्हे हेच नाव अजून रुळलेले आहे.) वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव ही धरणे आहेत. पानशेतची क्षमता सुमारे १०.६५ टीएमसी, तर वरसगावची १२.८ टीएमसीच्या आसपास. हे पाणी खडकवासल्यात उतरते आणि तेथून पुणे शहर पाणी पिते. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर इंग्रजांच्या काळात बांधलेले भाटघर धरण आहे, नीरेवर देवघर धरण आहे. त्यांच्या पाण्यावर नीरा कालव्यांच्या लाभक्षेत्रातील ऊस उभा राहतो.

एवढे पाणी ज्यांच्या अंगणात साठते, त्याच डोंगरी भागातील कित्येक वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण अशाच मुलुखात जन्मली असावी. धरणात पाणी असणे ही एक गोष्ट, आणि ते पिण्यायोग्य होऊन नळाला येणे ही अगदी दुसरी गोष्ट. या दोहोंच्या मधे जी वास्तू उभी असते तिला आपण ‘फिल्टर हाऊस’ म्हणतो. शासनाच्या भाषेत ते जलशुद्धीकरण केंद्र.

पखालीचे माप

आपल्या समाजाचा या धंद्याशी जुना संबंध आहे. नळ येण्यापूर्वी गावोगावी पाणी पोहोचवण्याचे काम पखाली, म्हणजेच भिस्ती करीत. पुण्यात पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरातील हौदांत पाणी आणले गेले. तरी हौद किंवा विहिरीपासून घरापर्यंत ते नेण्यासाठी माणूसच लागे. पखाल हेच त्याचे माप होते. किती पखाली टाकल्या, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असे.

नळ आले आणि पाण्याचे माप डोळ्यांआड गेले. आज ‘पाणी किती आले’ असे विचारले तर ‘पाऊण तास आले’ असे उत्तर मिळते. कापड मीटरने, तेल किलोने आणि पाणी मात्र तासाने! आमच्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ येथेच आहे.

केंद्रात चालते काय?

केंद्राचे काम समजायला कठीण नाही. नदी किंवा धरणातून आलेल्या कच्च्या पाण्याला आधी कारंज्यावरून किंवा पायऱ्यांवरून खेळवतात, म्हणजे हवा मिसळून वास कमी होतो. मग त्यात तुरटीचे द्रावण (अलीकडे अनेक ठिकाणी पॉली ॲल्युमिनियम क्लोराईड) टाकून पाणी जोराने ढवळतात. त्यानंतर वीस-तीस मिनिटे ते सावकाश हलवत ठेवले की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. निवळण टाकीत दोन-अडीच तास पाणी संथ राहिले की या गुठळ्या तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या गाळणीवर सोडतात. वाळूचा थर साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर जाड असतो, आणि एक चौरस मीटर वाळूतून तासाला साधारण पाच ते सहा हजार लिटर पाणी उतरावे असा संकेत आहे. गाळणी तुंबली की खालून वर उलटे पाणी सोडून ती धुतात. शेवटी क्लोरीन देऊन पाणी टाकीत घेतात. क्लोरीनला काम करण्यासाठी किमान अर्धा तास द्यावा लागतो.

लहान गावांना परवडेल अशा केंद्रांच्या बाबतीत महाराष्ट्राने एके काळी जगाला वाट दाखवली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९७३ मध्ये नागपूर जिल्ह्यातील रामटेक, १९७७ मध्ये जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आणि १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदोरी येथे अभियंते ज. ना. कार्डिले यांच्या रचनेची साधी केंद्रे उभी राहिली. यंत्राने ढवळण्याऐवजी खडीच्या थरातून पाणी न्यायचे, आणि वाळूवर नारळाच्या करवंटीच्या चुऱ्याचा थर द्यायचा, अशी ती युक्ती होती. खर्च कमी, मोडतोड कमी. रामटेकचे केंद्र दिवसाला सुमारे २४ लाख लिटरचे होते. म्हणजे भोरएवढ्या गावाला पुरेल इतके.

तुरटी आणि पावडर : मापातले पाप

सह्याद्रीच्या पायथ्याशी पाण्याचा स्वभाव ऋतूप्रमाणे बदलतो. जूनच्या पहिल्या पुरात ते चहासारखे लाल होते, हिवाळ्यात काचेसारखे दिसते, आणि एप्रिल-मे मध्ये धरण तळाला गेले की शेवाळ व वास यांचा त्रास सुरू होतो. त्यामुळे तुरटीचे माप बारा महिने एकच ठेवणे म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच मापाचा सदरा शिवणे होय. यासाठी ‘जार टेस्ट’ नावाची सोपी चाचणी आहे. पाच-सहा भांड्यांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीचे वेगवेगळे प्रमाण टाकायचे आणि कोठे गुठळी चांगली बसते ते पाहायचे. पावसाळ्यात ही चाचणी रोज व्हायला हवी. एका लिटरला २० मिलिग्रॅम तुरटी लागत असेल तर दहा लाख लिटरला २० किलो लागेल, इतका हा सरळ हिशेब आहे.

खरी फसगत होते ती ब्लीचिंग पावडरीत, जिला गावाकडे सर्रास ‘टीसीएल’ म्हणतात. ताज्या, चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. गोणी उघडी राहिली, दमट खोलीत पडली, उन्हात तापली की तो उडून जातो. समजा २४ लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा आहे. त्यासाठी ४.८ किलो शुद्ध क्लोरीन लागेल. ताजी पावडर असेल तर साडेचौदा किलोत काम भागते. पावडर जुनी होऊन २० टक्क्यांवर आली असेल तर २४ किलो लागतील. कर्मचाऱ्याने नेहमीप्रमाणे साडेचौदा किलोच टाकली, तर वहीत वजन पुरे दिसेल, पण पाण्यात औषध जेमतेम साठ टक्के पडेल. वजन खरे आणि माल खोटा, हा प्रकार व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून शेवटची परीक्षा नळावरच घ्यावी लागते. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) प्रमाणे पाण्याचा गढूळपणा शक्यतो १ एनटीयूच्या आत असावा. दुसरा मार्गच नसेल तर ५ पर्यंत चालतो. क्लोरीन दिलेल्या पाण्यात नळावर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, आणि शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू मुळीच आढळू नये.

पाणी मोजायचे कसे?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बऱ्याच लहान केंद्रांवर रोजचे उत्पादन काढण्याची रीत अशी : पंप इतके तास चालला, पंपावरच्या पत्र्यावर तासाला इतके लिटर लिहिले आहेत, दोहोंचा गुणाकार म्हणजे आजचे पाणी. हा आकडा कागदावरच खरा असतो. पंपाची पाती झिजतात, विजेचा दाब घसरतो, धरणाची पातळी खाली जाते, आणि पत्र्यावरचा आकडा मात्र पंप विकत घेतला त्या दिवसाचाच राहतो.

पहिला खरा मार्ग म्हणजे खाचेचा बांध, ज्याला अभियंते ‘व्ही-नॉच’ म्हणतात. काटकोनी खाचेतून पाणी किती उंचीने वाहते ते पट्टीवर वाचून प्रवाह काढता येतो. परंतु येथे डोळ्यांत तेल घालून वाचावे लागते. पाण्याची उंची २० सेंटिमीटर असेल तर तासाला सुमारे ८९ हजार लिटर पाणी जाते. तीच २१ असेल तर सुमारे १ लाख लिटर. म्हणजे एका सेंटिमीटरची चूक तासाला अकरा हजार लिटरची पडते.

दुसरा मार्ग नळावर बसवलेल्या मोठ्या मीटरचा. आत येणाऱ्या कच्च्या पाण्याला एक आणि बाहेर जाणाऱ्या शुद्ध पाण्याला एक, अशी किमान दोन मीटर हवीत. मीटरही अधूनमधून तपासावी लागतात, जशी आपली वजने-मापे आपण ठरलेल्या मुदतीने तपासून शिक्का मारून घेतो.

तिसरा मार्ग गरिबाचा आहे, आणि तो कोणालाही करता येतो. टाकीत येणारे पाणी थोडा वेळ बंद करा आणि पातळी किती उतरते ते काठीने पाहा. टाकी १० मीटर लांब व ८ मीटर रुंद असेल आणि एका तासात पाणी अर्धा मीटर उतरले, तर ४० घनमीटर, म्हणजे ४० हजार लिटर पाणी बाहेर गेले. मीटर खरे बोलते की खोटे, याचा पडताळा महिन्यातून एकदा या काठीने घेता येतो.

वीजबिलही साक्ष देते. एक हजार लिटर पाणी ५० मीटर उंच चढवण्यास, पंप-मोटर मिळून निम्मी शक्ती वाया जाते असे धरले, तरी पाव युनिटाहून थोडी अधिक वीज पुरते. दर हजार लिटरमागे युनिटे महिन्यागणिक वाढत चालली, तर समजावे की पंप झिजला आहे किंवा नळात अडथळा आहे.

नमुन्याचे खाते

२०११ च्या जनगणनेनुसार भोर शहराची वस्ती अठरा हजारांच्या आसपास होती. तेवढ्या वस्तीचे एक नमुन्याचे गाव धरू. हे आकडे कोणत्याही नगरपालिकेचे नाहीत, केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, असा केंद्र शासनाच्या नियमपुस्तिकेचा दंडक आहे. अठरा हजार माणसांना सुमारे २४ लाख लिटर लागतील. केंद्रात कच्चे पाणी आले २५ लाख लिटर. गाळण्या धुण्यात व गाळ काढण्यात गेले १ लाख. बाहेर पडले २४ लाख. पाणीपट्टीच्या बिलांत मात्र १६ लाख लिटरचाच हिशेब लागतो. मग ८ लाख लिटर गेले कोठे? काही फुटक्या नळांतून जमिनीत मुरले, काही चोरून घेतलेल्या जोडण्यांत गेले, काही बंद पडलेल्या मीटरमधून बिनहिशेबी वाहिले. तिसरा हिस्सा माल गोदामातून निघाला आणि दुकानात पोहोचलाच नाही! हिशेबात सापडणारे पाणी माणशी १३५ ऐवजी ८९ लिटरच उरले. पण तुरटी, पावडर आणि वीज यांचा खर्च पुऱ्या २४ लाख लिटरवर झाला, आणि तो पाणीपट्टी भरणाऱ्याच्याच डोक्यावर बसतो.

केंद्र सरकारने २००८ मध्ये शहरांसाठी जे सेवा मानदंड ठरवले, त्यांत अशी बिनहिशेबी घट २० टक्क्यांच्या आत असावी असे म्हटले आहे. हे अशक्य कोटीतले आहे काय? सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूर या लहान गावाने २००९ च्या सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू केले. जो जास्त वापरील त्याला चढता दर, असा नियम ठेवला. या कामाची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. मोजणी आली की उधळपट्टी आपोआप आवरते, हा त्याचा धडा आहे.

वही कोरी राहिली तर

१८९२ मध्ये जर्मनीत एल्ब नदीच्या काठी हॅम्बर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे भिंतीला भिंत लावून वसलेली होती. दोन्ही एकाच नदीचे पाणी पीत. आल्टोना ते वाळूतून गाळून देई. हॅम्बर्ग न गाळता देई. त्या वर्षी पटकी आली आणि हॅम्बर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसे दगावली. आल्टोना बऱ्याच अंशी बचावले. हॅम्बर्ग हे मोठे व्यापारी बंदर होते. माणसे गेली ती गेलीच, शिवाय परदेशी बंदरांनी त्याची जहाजे अडवून ठेवली आणि व्यापार ठप्प झाला. गाळणीचा खर्च वाचवण्याच्या नादात शहराने किती पटीने मोजले, हे सांगायला नको.

इतके दूर तरी कशाला जावे? जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात गिलन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तेव्हा नांदेडच्या विहिरीतून होणाऱ्या पुरवठ्याकडे सर्वांचे लक्ष गेले. तेथील पाणी गाळणीच्या प्रक्रियेविना, केवळ क्लोरीन टाकून दिले जात होते. खडकवासल्याच्या पायथ्याची ही गावे, म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचेच हे पाणी. धरण जवळ असून भागत नाही. मधली गाळणी आणि तिच्यावरची नजर, दोन्ही लागतात.

दोष एकट्या नगरपालिकेचा नाही

येथे आपल्या बांधवांना थोडे कडू बोलणे भाग आहे. पाणी कमी दाबाने येते म्हणून अनेक दुकानदार आणि घरमालक नळाला थेट मोटर लावतात. ही मोटर शेजाऱ्याचे पाणी ओढते हे तर आहेच, पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. नळातील दाब नाहीसा झाला की बारीक भेगांतून बाहेरचे, कित्येकदा गटारातले पाणी आत शोषले जाते. केंद्रात शुद्ध केलेले पाणी मग आपणच आपल्या हाताने नासवतो. जमिनीखालची टाकी वर्षानुवर्षे न धुणे, हाही त्याच जातीचा अपराध आहे. उपाहारगृह, बेकरी आणि बर्फाचा धंदा करणाऱ्यांनी तर दर तीन महिन्यांनी टाकी धुऊन तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

कामधंद्याची वाट

या क्षेत्रात कारागिरांना काम पुष्कळ आहे. आयटीआयमध्ये प्लंबर तसेच पंप ऑपरेटर-मेकॅनिक हे अभ्यासक्रम आहेत. मोटर रिवाइंडिंग, व्हॉल्व्हची दुरुस्ती, वेल्डिंग, मीटर बसवणे ही कामे आपली मुले आधीपासून करतात. गरज आहे ती प्रमाणपत्राची आणि नगरपालिकेच्या प्लंबर परवान्याची. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले आणि ग्रामीण घराला माणशी ५५ लिटरचे उद्दिष्ट ठरले. या योजनांची देखभाल करण्यासाठी गावातच माणसे तयार करण्याचा ‘नल जल मित्र’ हा कार्यक्रम आहे. वेल्ह्यासारख्या विखुरलेल्या वस्त्यांच्या तालुक्यात बाहेरचा मिस्त्री यायला दिवस जातो. तेथे गावातला शिकलेला हात मोलाचा ठरतो.

माल पुरवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तुरटीला आयएस २९९ आणि ब्लीचिंग पावडरीला आयएस १०६५ हे मानक आहे. गोणीवरची तारीख आणि शिक्का पाहूनच माल द्यावा. जुनी पावडर स्वस्तात मिळते म्हणून ती नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या गळ्यात मारणे हा नफा नव्हे. ते पाणी कोणाचे तरी मूल पिणार आहे.

आपण काय मागावे?

पाणीपुरवठा हे नगरपालिकेचे कायद्याने बंधनकारक काम आहे. माहिती अधिकार कायदा २००५ मुळे आपल्याला केंद्राची नोंदवही पाहता येते. नवी नळजोडणी किती दिवसांत मिळावी याची मुदत मागण्याचा हक्क २०१५ च्या राज्य लोकसेवा हक्क कायद्याने दिला आहे. व्यापारी संघटनेने दर महिन्याला फक्त पाच आकडे मागावेत : कच्चे पाणी किती आले, शुद्ध किती बाहेर गेले, बिल किती लिटरचे झाले, गढूळपणा जास्तीत जास्त किती होता, आणि गावाच्या अगदी शेवटच्या नळावर क्लोरीन किती आढळला. हे पाच आकडे नगरपालिकेच्या दारात फळ्यावर लागावेत. त्यासाठी मोर्चा नको, अर्ज आणि चिकाटी पुरे.

केंद्रावर रात्री-अपरात्री पावसात उभा राहून व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी आपला शत्रू नाही. बहुधा त्यालाच मीटर, ताजी पावडर आणि चाचणीची भांडी वेळेवर मिळत नसतात. आपण हिशेब मागितला तर त्याचीही मागणी वरपर्यंत पोहोचेल. येत्या महिन्यात पाणीपट्टी भरायला जाल तेव्हा पावती घेऊन लगेच परतू नका. ‘गेल्या महिन्यात केंद्रातून किती लिटर पाणी बाहेर पडले?’ एवढा एकच प्रश्न विचारा, आणि मिळालेले उत्तर तारखेसह आपल्या रोजमेळात लिहून ठेवा.